काचेच्या बशीतले जंत

आबा, परवा आई माझ्या प्रयोगशाळेत येऊन गेली. चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि दारातच थांबून विचारलं, इथं वास कसला येतोय. वास पित्ताचा होता. मी इथं जंत वाढवते, आबा. मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, होतात तेच, चपटे, पानासारखे. मी शिकून असलं काम का करते, हे आईला आजवर पटलं नव्हतं.

जतकडं पाऊस झाला नव्हता, म्हणून त्या वर्षी तुम्ही मेंढरं घेऊन रहिमतपूरच्या बाजूला उतरलात. एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. शेजारीच कालव्याच्या पाझरानं ओली झालेली पड जमीन आणि तिच्यात हिरवंगार गवत. मी घोंगड्यावर तुमच्या शेजारी बसलेय, आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकतेय. पोटभर चरून बसलेल्या मेंढरांकडं बघत तुम्ही म्हणता, "बग, कशी तुकतुकीत दिसत्यात." तुम्हाला इतकं खूश मी नंतर कधी पाहिलं नाही.

गावी परतल्यावर मेंढरं झिजत गेली. जबड्याखाली पाणी साठून थैलीसारखं लोंबायचं, लोकर हातात यायची. एक गाभण मेंढी मेली तेव्हा तुम्ही तिला फाडून पाहिलंत. काळीज कडक झालेलं आणि आत ते जंत. सगळ्या भावकीसमोर थोरले चुलते म्हणाले, "तुज्या हाताला मेंढरू लाभत न्हाई." जगली वाचली मेंढरं त्यांच्याच हवाली केलीत आणि आम्हाला घेऊन सांगलीला आलात, हळदीच्या वखारीत हमालीला. रस्त्यानं एखादा कळप गेला की तुम्ही भिंतीकडं तोंड करायचात. मेंढरं परत घेऊया का, असं मी एकदा विचारलं, तर माझ्यावर ओरडलात. मग जेवताना तुमच्या ताटातला गूळ, हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी, मुकाट माझ्या ताटात सरकवलात.

जुनी औषधं आता या जंतांवर पूर्वीसारखी चालत नाहीत. नवीन औषध करून बघायचं तर जंत हाताशी हवेत आणि त्यासाठी मेंढ्या मारायच्या नसतील तर ते काचेच्या बशीत वाढवावे लागतात. खाटीकखान्यातून आणलेल्या काळजातून आम्ही अंडी मिळवतो, ती पाण्यात उबवतो. त्यातून निघालेलं पिल्लू बारक्या गोगलगाईत शिरतं, तिथं त्याची आणखी पिल्लं होतात. ती बाहेर पडून गवताच्या पात्याला ठिपक्यासारखी चिकटतात; ओल्या रानात तेच गवत मेंढीच्या पोटात जातं. इथवर सगळं जमत होतं. पुढं त्या ठिपक्यातून जंत बाहेर काढून मेंढीच्या अंगाएवढ्या उबेत ठेवले, की ते नुसते जगायचे, वाढायचे नाहीत, आणि शेवटी काळे पडायचे. यंदा मात्र वाढले.

आईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी तिला सगळं सांगितलं, कालव्याचा पाझर, गोगलगाय, गवत. ती बराच वेळ बघत राहिली.

"त्येंना गवतावरचं ह्ये दिसलं नसतं?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. सांगितल्याबिगर कुणालाच कळत न्हाई."

"म्हंजी त्येंच्या हाताचा काय बी दोष न्हवता."

"न्हवता, आई."

ती स्टुलावर बसली. पाणी मागितलं, प्याली, आणि मला चुलत्यांना फोन लावून द्यायला सांगितलं. ते आता खूप थकलेत, ऐकूही कमी येतं. तिनं मोठ्या आवाजात, पण न रागावता, गवताचं आणि गोगलगाईचं सांगितलं. मग चुलते म्हणाले, "मला तवा काय ठावं व्हतं?"

"तवा न्हवतं," आई म्हणाली. "आता भावकीत सांगा."

सांगतो, म्हणाले. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. ज्या सकाळी जंत वाढलेले दिसले, त्या सकाळी मी हरखून सगळ्यांना पेढे वाटले. तुमची मेंढरं मला दुपारनंतर आठवली.