ओहादच्या कागदावर आईची सही

मी, रेनाना अबितबुल, वय एकवीस, राहणार दिमोना, इस्रायली सैन्यात गाड्यांची मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहिते आहे. पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून दुपारचं गुंगीचं इंजेक्शन नाकारलं आहे. उद्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर नजर चुकवतात, म्हणून आजच लिहिते.

१. रविवारी आम्ही सैनिक छावणीत परतायला फाट्यावरच्या थांब्यावर उभे होतो. पांढरा टेम्पो सरळ आमच्यावर चढला. माझी मैत्रीण लिरोन खांबाशी चिरडून मेली. तिच्या छातीचा पिंजरा मोडताना मी ऐकला. चालकाने गाडी मागे घेतली आणि पडलेल्यांवरून पुन्हा आणली. चाक माझ्या कमरेवरून गेलं. तिसऱ्यांदा येताना मी पडल्या जागेवरून काचेत गोळ्या झाडल्या. त्याचा जबडा उडाला, हॉर्न वाजत राहिला. थांब्यावरच्या कॅमेऱ्यातली याची क्लिप माझ्या मागे कुणी दाखवू नये. याकोव्हकाकांनी तर नाहीच. वॉर्डाच्या दारात पाहुण्यांना मोबाइल धरून "बघा आमची वाघीण!" म्हणत होते.

२. पान्यांची पेटी छावणीतल्या माझ्या जागी येणाऱ्या मुलीला. बचत आईला.

३. माझी जुनी गाडी धाकटा भाऊ ओहाद याला, ~~तो लढाऊ तुकडीत जाणार नसेल तरच~~. अट मी खोडली आहे. शेजारी माझी सही आहे.

खुलासा करते. सैनिक मारला गेला की त्याच्या भावंडाला लढाऊ तुकडीत आईवडिलांच्या सहीशिवाय घेत नाहीत. बाबा नाहीत, म्हणजे सही आईची. काल ओहाद पलंगाशी आला.

"ताई, तुला काही झालं तर मी एकालाही सोडणार नाही."

"आधी मिशी येऊ दे."

"हसू नकोस. आई सही करेल ना?"

"गाढवा, मी अजून जिवंत आहे!"

वकील नीसीममामा म्हणाले, "अगं, आईची सही तुला मृत्युपत्रात अडवता येत नाही. गाडीची अट घाल. गाडीसाठी पोरगं गप्प बसेल." मी घातली. पण लिहिलेलं दोनदा वाचायचं हे आईने घरीच शिकवलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना ती लाच वाटली.

४. ही विनंती आहे, कायद्याने बांधणारी नाही. आई, ओहाद सहीचा कागद घेऊन येईल. ओरडू नकोस, फाडू नकोस. त्याला लिरोनच्या घरी पाठव. तिच्या आईसमोर बसून जेवू दे, तिच्या खोलीचं दार उघडू दे. परत आल्यावर, तुझ्याकडे बघत, त्याने तोच कागद पुन्हा पुढे केला, तर सही कर. त्याने मान खाली घातली, तर त्याला जवळ घे आणि कागदाचं नाव काढू नकोस.

सही: रेनाना अबितबुल

आमच्यादेखत तिने वाचून सही केली. आम्हाला यातलं काही मिळणार नाही:
इब्तिसाम अबू सियाम, परिचारिका
झोया रेझनिक, शेजारच्या पलंगावरील रुग्ण

बेरशेबा, १३ फेब्रुवारी २०१९