शेवटचं कडवं माझं

धाकट्या,

आई वारल्याचं तुझं गाणं भलतंच गाजलं. आता जो तो ते आपापल्या गळ्यातून गातो. मला सगळ्यांत आवडतं ते आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवालीचं. तुझ्यासारखे हुंदके देत नाही ती. इस्त्री फिरवत सरळ गाते. परवा म्हणाली, "मावशी, ह्या गायकाची आई कशाने गेली हो?"

"गेलीय कुठे? ही काय, तुझ्यासमोर चादरींच्या घड्या घालतेय."

तिने तोंडात बोटंच घातली. मी तिथेच ठरवलं. रविवारी कामगारांच्या कार्यक्रमात तुझं गाणं मी गाणार. चाल तुझीच राहील, शेवटचं कडवं मात्र माझं: त्यात आई जिवंत आहे आणि मुलगा फोन उचलत नाही.

हे पत्र टाकत नाही. गाणं पोचेलच.

तुझी धडधाकट
आई