सुधीरच्या रुपयाची सीलबंद डबी

ठाकुर्ली,
२० नोव्हेंबर १९९६

चि. सुधीर यास दामाजीचे अनेक आशीर्वाद.

नागपूरला थंडी पडली असेल, कानाला मफलर बांधत जा. इकडे आम्ही दोघं बरे. तुझ्या ताईचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त गेले दहा दिवस जेवण जात नाही. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र.

बदली झाली तेव्हा तू तुझा १९०६ सालचा चांदीचा रुपया आमच्या कपाटात ठेवून गेलास. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तपासून प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचा बंद केलेला, आत सालाची आणि नंबराची चिठ्ठी. दाजी, डबी उघडली की सर्टिफिकेट रद्द, मग ठाण्याच्या प्रदर्शनात कोणी मांडू देणार नाही, असं तू तीनदा बजावलंस. (तिसऱ्यांदा जरा रागच आला. वागळे इस्टेटीत अठ्ठावीस वर्षं टूलरूम सांभाळलेल्या माणसाला प्लॅस्टिकची भीती घालतोस?) प्रदर्शन आठ डिसेंबरला. बारा वर्षं तू या दिवसाची वाट बघतोयस हे मला ठाऊक आहे, म्हणून तर घास उतरत नाही.

झालं असं, की दिवाळीच्या साफसफाईत आपला पूजेचा रुपया सापडेना (तुझ्या ताईने तो अगदी नीट ठेवला होता, म्हणून). मग तुझा काढला. पण डबीत कोंडलेल्या लक्ष्मीला दुधाची आंघोळ घालायची कशी? भागीरथी म्हणाली, आधी सुधीरला पत्र टाकून विचारा. मी लगेच पोस्टात जाऊन आलो. पूजेच्या दिवशी दुपारी हत्यारांची पेटी काढली. शिवणीत बारीक स्क्रू-ड्रायव्हर घातला, तो वाकला. हॅक्सॉचं पातं लावलं, तर प्लॅस्टिक गरम होऊन पात्यालाच चिकटलं. (बनवणाऱ्याला मानलं. आमच्या कंपनीत असता तर चार्जहँड केला असता.) शेवटी कटिंग प्लायरने चारी कोपरे थोडे थोडे चिमटत गेलो आणि डबीने तोंड उघडलं. नाण्याला ओरखडा नाही. खरं सांगतो, रिटायर झाल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता.

तो चहा होईपर्यंत टिकला. मी कप विसळून येतो तो तुझ्या ताईने रुपया रांगोळी आणि लिंबाने घासून लख्ख केलेला. तू ज्या काळसर झाकेचं एवढं कौतुक करायचास, ती मोरीतून गेली. भागीरथीला वाटलं, भाऊ खूश होईल. तिला मी काय बोलणार?

आता पुढचं बसून वाच. आमच्या मजल्यावर आमची आणि शेजारच्या आवडाबाईंची लक्ष्मी एकाच ताटात पुजायची रीत आहे. त्यांचा रुपयाही राजाछाप, तोही तसाच घासलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक उचलला, उरलेला मी डबीत घातला, दोन नळ्यांचं सोल्युशन कालवून सांधा भरला आणि बारीक पॉलिश पेपर मारला. सांधा असा बसला, की अमेरिकेतला तज्ज्ञ भिंग घेऊन आला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. कौतुकाने बघावं म्हणून चष्मा लावला. चिठ्ठीवर साल १९०६. रुपयावर १९०७.

म्हणजे तुझा रुपया आवडाबाईंच्या देवघरात आहे, आणि ज्याला त्या रोज डोकं टेकवतात तो त्यांच्या सासूबाईंचा रुपया माझ्या डबीत. त्यांना अजून कळलेलं नाही. समोर आल्या की मी पेपर वाचायला घेतो. पुन्हा उघडायला बघितलं, पण माझा सांधा मूळ प्लॅस्टिकपेक्षा मजबूत निघाला. आता जोर लावला तर डबीच उरणार नाही. सुधीर, सख्खा भाऊ कल्याणात असताना तू वस्तू माझ्याकडे ठेवलीस. मला फार वाईट वाटतंय. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ये, हवं ते बोल, मी ऐकून घेईन. आवडाबाईंना सगळं सांगून डबी त्यांच्यासमोर फोडू. तुझा रुपया सर्टिफिकेटशिवाय कोणी मांडू दिला, तर काचेपाशी दिवसभर मी उभा राहीन.

तुझा,
दामाजी

ता.क. भागीरथीला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, तुम्ही एवढे का खचता, डबी उघडायची परवानगी सुधीरनेच कळवली होती ना? त्याचं ते पत्र मला दाखवा, मी वाचलंच नाही.

ता.क. २ (हे तिला वाचून दाखवलेलं नाही.) पोस्टात मी गेलो होतो, पण कार्ड टाकलं नाही. तू नको म्हणाला असतास. घरी मात्र तुझा होकार आला असं सांगून बसलो. तेव्हा उलट टपाली दोन ओळी लिही, 'दाजी, डबी खुशाल उघडा.' तारीख दिवाळीच्या आधीची टाक. पाकिटावरच्या शिक्क्याचं मी बघतो.