न उघडलेली पेटी

रविवार, ८ ऑगस्ट १९९९

आज पुन्हा आबांना घेऊन सावेडीच्या सायबर कॅफेत. कारगिलहून माझ्या भावाची, सम्राटची शवपेटी आली त्याला महिना होतोय — आणि नेटवरच्या एका चर्चेच्या पानावर कुणीतरी लिहितंय, ‘पेट्यांमध्ये दुसरेच आहेत. बरीच पोरं पलीकडे कैदेत जिवंत आहेत. निवडणूक होईपर्यंत सरकार लपवणार.’ पुरावा काही नाही. सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. आबांना वाचता येत नाही, मीच वाचून दाखवते.

पेटी उघडू नका, असं सोबतच्या जवानांनी सांगितलं होतं. तेव्हा आबांनी ऐकलं. आता म्हणतात, “मी बघितलंय का? न्हाई ना? मग पोरगं जितं हाय माझं.”

बुधवार, ११

आईनं सम्राटचे शर्ट धुऊन वाळत घातले. म्हणजे आबांनी तिलाही सांगितलं!

गुरुवार, १२

सम्राटच्या तुकडीतला गोरक्षनाथ सुट्टीवर आलाय. फाटकापाशी मला एकटीला म्हणाला, “ताई, मीच उचललं त्याला. खाली आणेस्तोवर बोलत हुता. तुमचं नाव घेत हुता.”

आबांना सांग, म्हटलं. “माझ्याच्यानं न्हाई हुनार.”

माझ्यानंही नाही.

शुक्रवार, १३

नागापूरच्या कंपनीतून सुटल्यावर एकटीच कॅफेत गेले. ‘नगरकर’ असं खोटं नाव घेतलं आणि त्या माणसाला लिहिलं — पुरावा दाखवा. त्या पोरांना स्वतःच्या खांद्यावर आणणारे लोक आहेत. म्हाताऱ्या आईबापांना खोटी आशा लावू नका.

उत्तर लगेच आलं — ‘तू सरकारचा माणूस.’ मी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा. त्याला काही फरक पडला नाही.

रविवार, १५

आबांना सगळं वाचून दाखवावं लागलं. माझंही. आवाज सपाट ठेवला.

आबा भडकले. “कोन हाय ह्यो नगरकर? काळीज हाय का न्हाई त्याला? लिही —” ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. माझ्याच हातानं मला शिव्या.

निघताना आबा थांबले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. “शुभे, अजून एक लिही. ईचार त्याला, तुझं कोन गेलंय?”

लिहिलं.

सोमवार, १६

एकटी गेले. ‘नगरकर’च्या नावानं ‘भाऊ’ एवढंच लिहिलं.

रविवार, २२

तो एक शब्द आबांना वाचून दाखवला. ते पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“ऊठ. तुझ्या आईला खरं काय ते मी सांगतो.”