घडीचा नकाशा

८ जाने. २००७, सोम.
मनू आली. नागपूरहून, पाठीवर बॅग, हातात पाण्याच्या नमुन्यांसाठी रिकाम्या बाटल्या. नात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पर्यावरण. प्रबंध आमच्याच भागातल्या तळ्यांवर: पूर्वी किती होती, किती बुजली, बुजली तिथल्या विहिरींचं काय झालं. मी लगेच सुरू झालो. आमच्या शेताजवळची बोडी, म्हणजे लहानसं तळं, तिच्यातली कमळं, पाळीवरचं मोहाचं झाड, आजा तिथे बैल धुवायचा... तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान आहे आबाजी. पण आमच्या गाईडबाई विचारतील, कशावरून? बोडी होती याला छापलेला कागद पाहिजे."
कशावरून! मी पोहलो आहे तिच्यात.
ही चुलीजवळून म्हणाली, "बुढ्याच्या अंगाले अजून चिखलाचा वास येते, तेच लिहून दे बाईले." मनू हसली. मी फुशारकीत बोलून गेलो, गोंदियाच्या कॉलेजची लायब्ररी म्हणजे आपलंच घर, तिथला ग्रंथपाल पाटले माझा विद्यार्थी. तू पाणी भर, कागद मी आणतो.

११ जाने., गुरु.
आमगावहून पॅसेंजर लेट. लाय.त कार्डांचे खण. 'त' काढला, तळं. नाही. 'स', सरोवर. नाही. 'क'मध्ये कमळ मिळालं, तो निघाला कवितासंग्रह. तोच वाचत बसलो, जेवणाची सुट्टी होऊन गेली.
पाटले मागे येऊन उभा. "गुरुजी, काय शोधून राहिले जी?"
"तळी."
"अशी नाही सापडत. सिंचन पाहा, भूजल पाहा, भूगर्भशास्त्र पाहा. आन् आपला जिल्हा नवा आहे, गोंदिया पाहून जुनं काही भेटणार नाही, भंडारा पाहा. त्याच्याहून जुनं इंग्रजांच्या वेळचं कपाटात आहे, कुलपात. ते काढून देतो मंग."
शरम वाटली. आयुष्यभर सहावीच्या पोरांना तळ्याच्या कविता पाठ करायला लावल्या. त्यांतलाच एक आज मला तळं कुठे शोधायचं ते सांगतो.

१८ जाने., गुरु.
मिळाला! जुन्या इंग्रजी सिंचन अहवालाच्या शेवटी, घडीचा नकाशा. फिकट निळे ठिपके, एकेक ठिपका एकेक तळं. आमचं गाव आहे. आमची बोडी आहे! नखाएवढी, नाव नाही, पण एका अंगाला चेपलेली, तशीच. अक्षरं दिसेनाशी झाली, चष्मा पुसावा लागला.
संदर्भग्रंथ, घरी नेता येत नाही. झेरॉक्ससाठी बाहेर न्यायलाही नोंद लागते. पाटले म्हणाला, "तुमचं काय लिहू जी," आणि तसाच हाती दिला. दुकानात अंधार. "बत्ती गुल है मास्टरजी, शाम को आना." संध्याकाळी थांबलो तर गाडी जाते. परत लाय.त आलो. पाटले माझ्यासाठी चहा सांगायला गेला. टेबलाशी दुसरं कोणी नव्हतं. चष्म्याच्या डबीत पेन्सिलीला टोक करायची अर्धी ब्लेड असते
गाडी वेळेवर होती.

१९ जाने., शुक्र.
काल अर्धंच लिहिलं. कापला. चहा आला तेव्हा नकाशा सदऱ्याच्या आत होता. पाटलेनं पुस्तक उघडूनही पाहिलं नाही, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. वर निघताना पाया पडला.
मनूला दिला. तिनं जमिनीवर पसरला, ओणवी होऊन बघत राहिली. "असलच? हे कसं दिलं त्यांनी?"
"दोन होते."
किती सहज आलं तोंडात! तिनं ट्रेसिंग करून घेतलं. अहवालाचं नाव, साल, लाय.चं नाव, सगळं उतरवलं. असल तुमच्याजवळच ठेवा म्हणाली.
तिच्यासाठी केलं म्हणावं, तर काल गाडीत सदऱ्यातून काढून बोडीवर बोट ठेवून बसलो होतो, आमगाव येईपर्यंत. मनूच्या कामाची एकदाही आठवण झाली नाही.

२ फेब्रु., शुक्र.
मनू परत नागपूरला गेली. आज नकाशा घेऊन बोडीच्या जागी गेलो. तिथे आता धानाची बांधी, तिच्यात लाखोरीची डाळ निळी फुललेली. उभा राहून जुळवत होतो, पाळ इथे, मोह तिथे. शेजारच्या बांधीतून यादोराव ओरडला, "गुरुजी, मोजून काऊन राहिले? विकता का काय?" झटकन घडी घालून खिशात टाकला. काय ही पाळी! आपल्याच बांधावर चोरासारखा.

१४ फेब्रु., बुध.
मनूचा फोन. खुशीत. बाईंना नकाशावरचं प्रकरण फार आवडलं. सगळा प्रबंध त्यावरच उभा आहे म्हणाल्या. मंगळवारी त्या परीक्षेच्या कामानं गोंदियाला येतात, लाय.त पुस्तकातला नकाशा स्वतः पाहतील, मग सही करतील. "तुम्ही पण या आबाजी, पाटलेकाकांना सांगून ठेवा."
हो हो म्हणालो. रात्री जेवण गेलं नाही. हिनं विचारलं. पोट म्हणालो.

१६ फेब्रु., शुक्र. महाशिवरात्र.
मीच फोन लावला. "मनू, दोन नव्हते. एकच होता. मी कापला."

"कायले, आबाजी?" एरवी माझ्याशी शुद्ध बोलते. रागावली की आजीसारखी.
"तुला कागद पाहिजे होता ना..."
"मले कागद नव्हता पाहिजे. तो तिथं आहे, कोणीबी जाऊन पाहू शकते, एवढंच लिहायचं होतं मले." फोन ठेवला.
म्हणजे बोडी होती याचा जो एक पुरावा होता, तो मीच पुसला. आणि मंगळवारी खोटी ठरेल मनू.

२० फेब्रु., मंगळ. लाय.त बसून.
पहिल्या गाडीनं आलो. पाटलेसमोर नकाशा ठेवला, सांगितलं. त्यानं कपाट उघडलं, पुस्तक काढलं, कापलेल्या कडेशी कड लावून पाहिली. बरोबर बसली. माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाला, "जुनं पुस्तक आहे जी, पानं आपोआप निघतात. गोंद लावून देतो. बाईले समजणार नाही." थोडं थांबून, "वर्गात आमाले पुस्तकाले पाय लागला तं नमस्कार कराले लावत होते तुमी."
मारलं असतं तर बरं झालं असतं.
गोंदाची बाटली घेऊन आला. लावू नको म्हणालो. का म्हणालो ते अजून नीट कळत नाही. बाईंना सांगायला तोंड उघडेल का, तेही नाही.
बाहेर रिक्षा थांबली. मनूचा आवाज, कोणाला तरी "इकडून मॅडम" म्हणते आहे. पाटले खुर्ची पुसतो. पुस्तक माझ्यापुढे उघडं, नकाशा त्यावर सुटाच, पंख्यानं उडू नये म्हणून एक हात त्याच्यावर ठेवून लिहि