फिंतासचं ब्रह्मकमळ

प्रिय योगिनी,

ऑगस्टचं बुकिंग करू की नको, हो-नाही एवढंच कळव म्हणालीस आणि मी आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसले. रागावली असशील. फोनवर बोलले असते तर मधेच रडू फुटलं असतं, म्हणून कागद घेतला. याचा फोटो काढून पाठवते. टपालावर सोडलं तर पावसाळा उलटून जाईल.

आधी इथली गंमत ऐक. माझ्या लग्नानंतर तुझ्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेलं ते ब्रह्मकमळाचं पान आठवतं ना? त्याचं झाड इथे कुवेतला, फिंतासच्या आमच्या गॅलरीत आता काशिफच्या खांद्याला लागलंय. गेल्या आठवड्यात ते भरभरून फुललं. शेजारच्या शलाकाने बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी बायका गोळा केल्या. हळद-कुंकू, निरांजन, मोबाइल, आणि वर माझी शेवयांची खीर! मी आपली सांगतेय, बायांनो, हा मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, खरं ब्रह्मकमळ हिमालयात बर्फाच्या शेजारी उगवतं आणि ते सूर्यफुलाच्या कुळातलं. शलाका म्हणाली, असू दे हो झरीनभाभी, देवाला सगळं चालतं. आमची इक्रा म्हणाली, अम्मी, लेट देम एन्जॉय. झालं, माझी बॉटनी तिथेच बुडाली. काशिफ खुर्च्या मांडता मांडता हसून म्हणाला, बेगम, एवढं सांगतेस, पण खरं तू तरी कुठे पाहिलंयस?

बिचारा सहज बोलला, पण मला फार लागलं. सगळे गेल्यावर मी गॅलरीतच बसून राहिले आणि डोळ्यांसमोर ती हिमालयातली हेमकुंडची चढण आली. कॉलेजची सहल, तुझा तो खाकी रेनकोट, माझ्या अब्बांचे मोठे बूट, त्यात कोंबलेले कापडाचे बोळे. आपण रत्नागिरीच्या मुली, समुद्राच्या उंचीवर वाढलेल्या. अर्ध्या वाटेतच माझं डोकं फुटायला लागलं आणि सकाळचा पराठा बाहेर आला. सर म्हणाले, हिला ताबडतोब खाली न्या. वरून उतरणाऱ्या एका शीख आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं, पुढच्या वळणापलीकडे फुलंच फुलं आहेत, पुत्तर. तू त्या वळणाकडे एकदा पाहिलंस. मग माझी सॅक तुझ्या खांद्यावर टाकलीस आणि बाकीचे वर गेले तेव्हा तू माझ्याबरोबर खाली आलीस.

चढणीच्या पायथ्याशी, घांघरियाच्या टपरीत चहा पिताना मी रडत होते, तेव्हा तू म्हणालीस, आता बघायचं तर दोघींनी मिळूनच. किती सहज म्हणालीस! मला वाटलं, चार दिवसांत विसरशील. पण तू कसली विसरतेस? भाऊजी घेऊन जात होते तेव्हा नाही म्हणालीस. कॉलेजातले सहकारी निघाले तेव्हा गुडघ्याचं कारण दिलंस, आणि त्याच महिन्यात रत्नदुर्ग चढून आलीस. मला सगळं कळत होतं. दर वर्षी पोरांना वाळलेल्या नमुन्यावरून शिकवत राहिलीस, की थंडी लागू नये म्हणून हे फूल स्वतःभोवती मेणकागदासारखी पानं ओढून घेतं. त्या वाळक्या पानांचा रंग तरी कुठला उरला असेल? आता तू रिटायर झालीस, गुडघेही खरोखरच कुरकुरायला लागलेत. यंदा नाही तर मग जाणं व्हायचं नाही, हे तू लिहिलं नाहीस तरी मला समजलं.

मीही तयारी केली होती गं. संध्याकाळी समुद्राच्या कडेने चालायला लागले. काशिफने बूट आणून दिले, माझ्या मापाचे. पण इथल्या धुळीने इतक्या वर्षांत छातीत घर केलंय. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्वच्छ सांगितलं, हेमकुंडाच्या उंचीवर जायचं नाव काढू नका. खूप घासाघीस केली तेव्हा घांघरियापर्यंत परवानगी दिली, तीही खेचरावर बसून, औषधं बरोबर ठेवून.

तेव्हा बुकिंग कर, दोघींचं कर. मी येतेय. पण घांघरियाच्या पुढे तू एकटीने जायचंस, आणि हे सांगायलाच मी लिहायला बसले. त्या वळणापाशी पोचलीस की माझी आठवण येईल, पाय अडखळतील. मी तुला ओळखते. या वेळी मागे फिरायचं नाही. फूल तोडायचं नाही, फोटोही मला दाखवायचा नाही. खाली यायचंस, माझ्यासमोर चहा घेऊन बसायचंस आणि पाहिलेलं सगळं सांगायचंस. मी टपरीत बसून असेन. माझ्यासाठी तू एकदा खाली उतरलीस योगिनी, आता माझ्यासाठीच वर जा.

खाली तुझी वाट बघणारी,
तुझीच
झरीन