चंद्रव्वाची साक्ष आणि माझी वकिली

नवी पेठ, सोलापूर
१८ एप्रिल १९७५

तीर्थस्वरूप गुरप्पामामांना ईरप्पाचा मनापासून शरणार्थी-नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मुंबईच्या घामाला कंटाळून मामी इकडे यायचं म्हणतात असं कळलं. त्यांना सांगा, इथे घाम येत नाही, माणूस थेट भाजून निघतो. बाकी आम्ही सगळे खुशाल. (मी सोडून. ते ओघाने येईलच.)

अप्पांनी आपल्या कापडदुकानावर माझ्या वकिलीची पाटी चढवली आहे. ती दुकानाच्या पाटीहून मोठी, त्यामुळे गिऱ्हाइकं लुगडी बघायच्या आधी जमिनीचे तंटे उलगडतात. अप्पा ज्याला त्याला सांगतात, "आमच्यात समद्यांनी कापड मोजायचा गज धरला, ह्यो पयला कायदा धरनार की!" हे ऐकलं की मला मान वर करवत नाही. कारण मामा, मी वकिली सोडतो आहे.

झालं असं. आमच्या वकीलसाहेबांकडे चंद्रव्वा नावाच्या बाईंचा दावा होता. बांधावरचं कडुलिंबाचं झाड त्यांचं की शेजारणीचं, एवढाच प्रश्न. साक्षीदाराची तयारी करून घेणं हे ज्युनिअरचं काम. मी हौसेने प्रश्नोत्तरं लिहिली, विरुद्ध बाजूच्या वकिलाचे प्रश्नही मीच घोगऱ्या आवाजात विचारले. बाईंना अक्षरओळख नाही, पण स्मरणशक्ती भयंकर. कोर्टात शपथ झाली आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांनीच घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाई, झाड तुमचंच कशावरून?" मग आपल्या आवाजात, "माज्या सासऱ्यानं लावलं, सायेब." असे त्यांनी दोन्ही बाजूंचे वकील एकटीने संपवले. शेवटी माझ्याकडे वळून, "हितंच रडायचं न्हवं?" (रडल्याही. फार सुंदर रडल्या.) न्यायाधीशांनी हसू आवरत पुढची तारीख दिली. पुढे दोघींनी आपसात मिटवलं, सावली दोघींची ठरली.

वकीलसाहेब रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. "ईरप्पा," ते म्हणाले, "तू दावा चालवत नाहीस, नाटक बसवतोस." रागाच्या भरात मी त्या साक्षीचं खरोखरच छोटं नाटक लिहिलं आणि मुंबईला दूरदर्शनकडे पाठवलं. त्यांनी बोलावलं, पसंत केलं, आणि आता लेखक म्हणून रुजू व्हा म्हणतात. मी हो म्हटलं आहे. लिहिताना मला जो आनंद झाला तो कोर्टात एक दिवसही झाला नाही. अडचण एवढीच की सोलापुरात टीव्ही दिसत नाही. जी वस्तू अप्पांनी पाहिलीच नाही, तिच्यासाठी त्यांची पाटी उतरवा असं कुठल्या तोंडाने सांगू?

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
ईरप्पा

ता. क. : मुळात पत्र लिहिलं ते यासाठी. येत्या रविवारी सहज आल्यासारखे या आणि अप्पांना तुम्हीच सांगा. मेहुण्यावर ते ओरडत नाहीत.

पुन्हा ता. क. : मामा, यायचं रद्द करा. पाकिटाला डिंक घ्यायला खाली दुकानात गेलो, तर अप्पांनी विचारलं, कुणाला लिवतोस? मला एकही थाप सुचली नाही. (म्हणे लेखक!) सगळं सांगून टाकलं. अप्पा बराच वेळ उलगडलेला तागा गुंडाळत राहिले. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "त्या नाटकात बाप कसा दावलाईस?" म्हटलं, त्यात बापच नाही.

"मग घाल की येक," अप्पा म्हणाले. "लई रागीट नको."